ठिपके न मोजता काढलेली रांगोळी

गेल्या महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेम जॅमला परीक्षक म्हणून गेलो होतो. गेम जॅम म्हणजे काय, तर ४८ तास, चार-पाच पोरांची टीम, वडापाव आणि चहावर काढलेल्या दोन रात्री, आणि शेवटी जे काही चालू अवस्थेत असेल त्याला गेम म्हणायचं. एका टीमने कोकणातलं एसटी स्टँड केलं होतं, भर पावसातलं, जुन्या सोळा-बिट गेमसारखं. पत्र्यावरून ओघळणारं पाणी, डबक्यात लाल गाडीचं प्रतिबिंब, कोपऱ्यात भज्यांचा गाडा, त्यावर पिवळा बल्ब, मागे नारळी. प्रोजेक्टरवर आलं आणि अख्खा हॉल गप्प. मग कुणीतरी विचारलं काढलंय कुणी, पोरं प्रामाणिक होती बिचारी, म्हणाली सर एआयने. झालं. आमच्यातले एक परीक्षक म्हणाले बाद करा, ही चोरी आहे, दुसरे म्हणाले अहो रिझल्ट बघा, कॅमेरा आला तेव्हा चित्रकार असेच रडले होते, आणि पुढची चाळीस मिनिटं आत्मा, कष्ट, भविष्य, बेरोजगारी, सगळं सगळं निघालं. या चाळीस मिनिटांत तो गेम कुणी खेळून बघितला नाही.

शेवटी मीच कीबोर्ड ओढला. पत्र्यावर उडी मारली तर आमचा हिरो पत्र्यातून आरपार खाली. बाकड्याकडे गेलो तर तो बाकड्याच्या मागून चालायला लागला आणि गुडघ्यापासून खाली गायब. भज्यांचा गाडा वाटेत आडवा होता, पण तो अडथळा आहे की नुसती शोभा हे खेळताना कळेना, म्हणून टीमला विचारलं, तर एक पोरगा म्हणाला, "सर, ते इमेजमध्येच आलंय." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. गाडा तिथे का आहे? इमेजमध्येच आलाय म्हणून. (स्टँडच्या बोर्डावर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी होतं, बहुधा रत्नागिरी म्हणायचं असावं, पण अक्षरांना माना होत्या आणि धड नव्हतं.)

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एआयने रेट्रो गेमसारखी दृश्यं बनवायला माझी काही हरकत नाही, बनवा, मीही बनवून बघितलीत, मजा येते. पण जे तयार होतं ते पिक्सेल आर्ट (एकेक चौकोनी ठिपका ठेवून काढलेलं चित्र) नाही आणि गेमचा सीनही नाही, तो गेमच्या सीनचा फोटो आहे, आणि तोसुद्धा अस्तित्वात नसलेल्या गेमचा. असं मी म्हणतो त्याचं कारण कष्ट नाही, आत्मा तर अजिबात नाही, कारण आत्मा कुठल्या लेयरवर असतो ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. माझं कारण एकच, हिशोब. पिक्सेल आर्टमध्ये प्रत्येक चौकोनाबद्दल "हा इथे का?" असं विचारता येतं आणि काढणाऱ्याला उत्तर देता येतं. हे उत्तर नसेल तर चित्र कितीही देखणं असू दे, गेम बनवताना ते पहिल्या उडीलाच फाटतं.

हे मराठी माणसाला समजावायला खरं तर अमेरिका-जपानला जायची गरज नाही, दारात बघितलं तरी पुरे. ठिपक्यांची रांगोळी ही आपली घरची पिक्सेल आर्ट. १५ ते ८ ठिपके म्हटलं की मधली ओळ पंधराची, मग दोन्हीकडे एकेक कमी करत आठवर यायचं, आणि एक ठिपका चुकला तर कमळाची शेवटची पाकळी जुळत नाही, सगळं फरशीवर उघडं पडतं. माझी आजी वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायची, तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके एका अंतरावर नीट पडायचे. हे टूलच झालं की! याला कुणी चीटिंग म्हटलं नाही, कारण ठिपके टाकणं हा कंटाळवाणा भाग होता आणि ते जोडायचे कसे हा खरा भाग, तो हातात शिल्लक होता. मग प्लास्टिकचे छापे आले, नक्षीच तयार, वरून रंग सोडला की झालं. मग स्टिकर आले, फ्लॅटच्या दाराशी चिकटवले की वर्षभर पुसायचं काम नाही. स्टिकर लावणाऱ्या बाईला कुणी गुन्हेगार म्हणतं का? नाही, आमच्या दाराशीही आहे. पण ती बाई तो स्टिकर घेऊन रांगोळी स्पर्धेला जात नाही, आणि गेली तर "मला बोटांचा त्रास आहे, मग मी भागच घ्यायचा नाही का" असा वादही घालत नाही. टूल वाईट की चांगलं या प्रश्नाला म्हणून फारसा अर्थ नाही. टूलने कामातला कुठला भाग तुमच्याकडून काढून घेतला, एवढाच प्रश्न उरतो.

पिक्सेल आर्टमधला तो भाग कुठला, हे बघायला थोडं मागे जावं लागेल. निन्टेन्डोचं फॅमिकॉम, टीव्हीला जोडून खेळायचं मशीन, १९८३ ला जपानात आलं. स्क्रीन २५६ बाय २४० ठिपक्यांची, सगळं चित्र ८ बाय ८ च्या फरश्यांमधून जोडायचं, स्प्राइट म्हणजे पडद्यावर हलणारं चित्र, त्याच्या एका फरशीला तीन रंग, चौथा पारदर्शक, आणि एका आडव्या ओळीत आठच्या वर स्प्राइट आले की उरलेले दिसायचेच बंद, म्हणून ते आळीपाळीने लुकलुकत ठेवायचे. या जाचात माणसांनी काय केलं? १९८१ च्या डाँकी काँग या गेमसाठी निन्टेन्डोच्या शिगेरु मियामोतोंना एवढ्याशा चौकटीत माणूस बसवायचा होता, तोंड काढायला जागा नाही तर मिशी दिली, केस हलवणं जमेना तर टोपी घातली, हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून ओव्हरऑल घातला. म्हणजे आज जगभर पोरं ज्याला मारिओ म्हणून ओळखतात त्याचा अर्धा चेहरा ही नाइलाजाची उत्तरं आहेत. पुढे १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला, कारण जागा नव्हती. तो अख्खा गेम ४० केबीचा. आपल्या काकांनी सकाळी पाठवलेली गुलाबाच्या फुलाची गुड मॉर्निंगसुद्धा त्याहून जड असते.

माझं आवडतं उदाहरण मात्र प्रिन्स ऑफ पर्शियाचं आहे. १९८९ चा गेम, ॲपल टू कॉम्प्युटरवरचा, जॉर्डन मेकनर नावाच्या माणसाने जवळपास एकट्याने केलेला. मेमरी हीरोच्या हालचालींनीच खाऊन टाकली, तोडीस तोड शत्रू हवा होता पण त्याचे वेगळे स्प्राइट ठेवायला जागाच नाही. मग त्याने काय केलं, हीरोचंच चित्र एक बिट सरकवून स्वतःवरच उलटं मिसळलं, आणि त्यातून एक चमचमती भुतासारखी आकृती निघाली, हीरोसारखीच पळणारी. तोच पुढे गेममधला शॅडो मॅन झाला, आरशातून बाहेर पडणारा, आपल्याच अंगातला शत्रू, आणि गोष्टीचा कळस त्याच्यावर उभा राहिला. जागा असती तर तिथे आणखी एक पगडीवाला पहारेकरी आला असता आणि आज कुणाला आठवलाही नसता.

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण त्यांचं सगळंच चूक नाही, काही मुद्दे तर चांगलेच टोचतात.

पहिला मुद्दा असा की ही सगळी मर्यादांची गोष्ट आज खोटी आहे. खरंय. आज पिक्सेल आर्ट काढणारा माणूस एसप्राइट या पिक्सेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून लाखो रंगांतून बारा रंग निवडतो, त्याच्यावर कुठल्याही मशीनची सक्ती नाही, म्हणजे तोही जुन्या काळाची नक्कलच करतोय, मग एआयच्या नकलेवर नाक मुरडायचा त्याला काय हक्क? यात मी आणखी भर घालतो. आपल्याला आठवतं ते रेट्रो तसं नव्हतंच मुळी. आमच्या मिरजेच्या घरी जाडजूड टीव्हीला अँटेनाच्या वायरीतून गेम जोडलेला असायचा, सगळे रंग एकमेकांत ओघळलेले, ठिपका असा वेगळा कुठला दिसणार! चित्र काढणारे हा ओघळ धरूनच काढायचे. सेगाच्या मशीनवरच्या १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा बघा, तो उभ्या रेघा आहेत, एक रेघ आहे एक नाही, पण साध्या केबलमधून टीव्हीवर गेला की रेघा मिसळून आरपार दिसणारं पाणी व्हायचं. आज इम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर) तोच धबधबा कंगव्यासारखा दिसतो. एआय बहुतेक असल्या कंगव्याच्या स्क्रीनशॉटवरूनच "रेट्रो" शिकलंय, म्हणजे जे तेव्हा कुणी बघितलंच नाही ते आपल्याला आठवण म्हणून परत मिळतंय.

पण नक्कल आणि निवडलेली मर्यादा यात फरक आहे. २०१४ ला शॉव्हेल नाइट हा गेम आला, दिसायला पक्का फॅमिकॉम काळातला. तो बनवणाऱ्या यॉट क्लब गेम्सच्या लोकांनी नंतर स्वतःच उघडपणे लिहिलं की आम्ही कुठले नियम पाळले आणि कुठले मोडले, स्क्रीन रुंद केली, दोन-चार रंग जास्तीचे घेतले, लुकलुकणं काढून टाकलं, आणि प्रत्येक गोष्ट का केली. त्यांच्यावर सक्ती नव्हती हे कबूल, पण त्यांना हिशोब देता आला. गझल लिहिणाऱ्यावर तरी आज कोण सक्ती करतंय? मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, स्वतःच काफिया (यमक) धरायचा आणि पुढे प्रत्येक शेरात तो स्वतःच निभवायचा. सक्ती नाही म्हणून वृत्तात लिहिणं खोटं ठरत नाही, आणि वृत्तात लिहिल्यासारखं दिसणारं सगळं गझल होत नाही.

दुसरा मुद्दा तांत्रिक आहे, आणि इथे माझ्याच बाजूची माणसं सगळ्यात जास्त चुकतात असं माझं मत आहे. ती म्हणतात बघा, एआयला साधी ग्रिड जमत नाही, एक पिक्सेल मोठा एक छोटा, कडा धुरकट, रंग हजारोंनी. त्या एसटी स्टँडचं चित्र मी एडिटरमध्ये मोठं करून बघितलं, अगदी हेच होतं. याचं कारणही समजण्यासारखं आहे. २०२२ ला जे स्टेबल डिफ्युजन नावाचं चित्रं बनवणारं एआय सगळ्यांच्या हाती आलं ते ५१२ बाय ५१२ च्या चित्रावर थेट काम करतच नाही, ते आधी त्याचं ६४ बाय ६४ मध्ये दाबलेलं रूप घेतं, म्हणजे मूळ चित्रातला ८ बाय ८ चा तुकडा त्याच्यासाठी चार आकड्यांचं एक गाठोडं, आणि शेवटी ती गाठोडी सोडवून चित्र करतं. योगायोग बघा, फॅमिकॉमची फरशीही ८ बाय ८ चीच. तिथे त्या फरशीत ६४ वेळा माणसाने विचार केलाय, इथे तो अख्खा तुकडा एकदम अंदाजाने येतो. पण म्हणून "एआयला ग्रिड जमत नाही" हा मुद्दा धरून बसाल तर तुमचा वाद सहा महिन्यांत शिळा होईल. खास पिक्सेल आर्टसाठी बनवलेली रेट्रो डिफ्युजन, पिक्सेललॅब अशी टूल आलेलीच आहेत, ती ग्रिड पाळतात, रंगही मोजून देतात. एआयच्या सहा बोटांच्या हातांवर हसणाऱ्यांचं काय झालं ते आठवा. बोटं पाच झाली आणि हसणाऱ्यांकडे बोलायलाच काही उरलं नाही.

ग्रिड सुधारली तरी भज्यांच्या गाड्याचा प्रश्न सुटत नाही, हे माझं म्हणणं आहे. गेमचा सीन म्हणजे खेळणाऱ्याशी चाललेलं बोलणं असतं. यावर उभं राहता येईल का, हे लागेल का, हे दार उघडतं की नुसतं काढलंय, हे त्याला अर्ध्या सेकंदात न विचारता कळायला हवं. म्हणून मारिओत जमीन एका रंगाची आणि मागचे डोंगर दुसऱ्या, म्हणून ज्यावर उडी मारता येते त्याची वरची कड उजळ ठेवायची, म्हणून तीच फरशी वीस ठिकाणी वापरायची, जेणेकरून एकदा शिकलेलं पुढच्या स्क्रीनवर कामाला येईल. एआयच्या चित्रात प्रत्येक फरशी नवी, प्रत्येक कड वेगळी, सुंदर आणि मुकी. आता तर हलते अख्खे गेमच मॉडेलमधून निघताहेत, २०२४ च्या ऑक्टोबरात ओएसिस नावाचा माइनक्राफ्टसारखा डेमो आला होता, पुढे चालायचात तोवर सगळं झकास, आणि वळून मागे बघितलं की मघाचा डोंगरच गायब, तिथे भलतंच काहीतरी. लोक त्याला बग म्हणाले. मला तर तो त्या एसटी स्टँडचाच भाऊ वाटला. मागचा डोंगर कुणी ठेवलाच नव्हता, तो फक्त दिसला होता.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार. यंत्राची मदत गेमवाले पहिल्यापासून घेतात. त्याच मेकनरने प्रिन्ससाठी आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरून फ्रेम गिरवल्या. १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीतली माकडं महागड्या कॉम्प्युटरवर थ्रीडीत बनवून मग सपाट केलेली. २०१८ च्या डेड सेल्समध्ये तर पात्रांचे साधे थ्रीडी सांगाडे अगदी छोट्या साइजला रेंडर करून पिक्सेल पाडलेत, हाताने एकेक ठिपका ठेवलेला नाही, आणि तरी सगळ्या पिक्सेलवेड्यांनी तो डोक्यावर घेतला. मग तेव्हा टाळ्या आणि आता शिव्या, हे कसं काय? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, आणि खरं सांगायचं तर हातानेच काढलं पाहिजे ही माझी जुनी भूमिका याच प्रश्नापायी मी सोडली. डेड सेल्समध्ये तलवारीचा वार किती फ्रेमचा, मधली कुठली फ्रेम गाळली की फटका जोरात वाटतो, हे सगळं माणूस ठरवत होता. फटका मऊ वाटला तर कुठे हात घालायचा हे त्याला माहीत होतं. हा उदबत्तीने भोकं पाडलेला कागदच झाला, जरा महाग. एआयला तुम्ही म्हणता "फटका जोरात कर", आणि ते तुम्हाला दुसरा माणूस, दुसरी तलवार आणि दुसरं आकाश देतं.

आता लोकशाहीकरण. हा शब्द ऐकला की मी सावध होतो, पण मुद्दा टाकाऊ नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि दगडावरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर. जाणकारांनी नाकं मुरडली, भडक म्हणाले, बाजारू म्हणाले. त्या वादात मी छापखान्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण तिथे एका माणसाने विचार करून काढलेलं एक चित्र हजारो घरांत जात होतं. इथे हजारो चित्रं आहेत आणि त्यातल्या एकाचाही विचार कुणी केलेला नाही, म्हणजे छापखान्याच्या बरोबर उलटं. मला तर जास्त जवळचा वाटतो तो फ्लेक्स. आमच्या लहानपणी दुकानाच्या पाट्या पेंटर रंगवायचे, खडूने आधी शिरोरेषा आखायची, मग जोडाक्षरं अशी बसवायची की "श्री" बघत राहावी. फ्लेक्स आला तेव्हाही लोक कलेच्या आत्म्याबद्दल बोलले, आणि एकही पेंटर वाचला नाही. फ्लेक्स स्वस्त होता, झटपट होता, आणि आता चौकाचौकात भावी नगरसेवकांचे वाढदिवस आहेत, त्यावर मोडकी जोडाक्षरं आहेत, आणि ती मोडलीत हे सांगू शकणारा माणूसही त्या दुकानात नाही. पेंटर गेला त्याच्याइतकंच हेही वाईट झालं, मोडलेलं अक्षर मोडलंय हे ओळखणारा डोळा पण सोबत गेला.

आणि पिक्सेल आर्टमध्ये दार बंद होतं कुठे की एआयने येऊन उघडावं? उलट गेमच्या धंद्यात सगळ्यात गरीब माणसाला परवडणारी चित्रकला हीच. मिरजेच्या किंवा नांदेडच्या पोराकडे चौकटीची वही आणि दहा वर्षं जुना लॅपटॉप असला तरी चालतं. २०१५ चा अंडरटेल बघा, टोबी फॉक्सने जवळजवळ एकट्याने केलेला, त्यातली बरीच चित्रं ओबडधोबड आहेत, काही तर शाळेच्या वहीत काढल्यासारखी, आणि लोक त्यातल्या सांगाड्यांच्या पात्रांसाठी रडलेत. स्टारड्यू व्हॅली २०१६ ला आला, एरिक बरोनने चार वर्षांहून जास्त एकट्याने बसून कोड, संगीत, चित्रं सगळं केलं, आणि चित्रं तर पुन्हा पुन्हा खोडून काढली, कारण सुरुवातीची त्याला बरी जमली नव्हती. हो, चार वर्षं सगळ्यांकडे नसतात. आठ तास नोकरी, दोन तास ट्रॅफिक, घरी लहान मूल, अशा माणसाला मी "खोडून काढ" म्हणणं हा माजच आहे, हे मला मान्य. पण मग सोपं उत्तर छोटा गेम हे आहे. तीन स्क्रीन, चार रंग. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या मशीनला चारच छटा होत्या, आणि त्यावर माणसांचं बालपण निघालं.

राहिला चोरीचा मुद्दा, आणि इथे आपण भारतीयांनी जरा दबक्या आवाजातच बोलावं. अमेरिकेत २०२३ च्या जानेवारीत तीन चित्रकारांनी स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी वगैरे एआय कंपन्यांवर दावा लावला, आमची चित्रं न विचारता घेतली म्हणून, आणि त्यांची बाजू मला पटते. पण माझं स्वतःचं गेमचं बालपण कशावर गेलं? नकली फॅमिकॉमवर आणि "९९९९९९ इन वन" कॅसेटवर, ज्यात खरे गेम पंधरा-वीस असायचे आणि बाकी तेच परत परत, कॉन्ट्रा, कॉन्ट्रा २ रं लेव्हल, कॉन्ट्रा लाल चड्डी. कोपऱ्यावरच्या दुकानात तासावर खेळायचो, कॅसेट चालेना की फुंकर. त्यातली एकही कॅसेट ज्यांनी गेम केला त्यांना एक पैसा देऊन आलेली नसणार. तेव्हा चोरी या शब्दाने मी वाद सुरू केला तर माझी जुनी कॅसेट मलाच हसेल.

म्हणून मी तो वाद नावाकडून घेतो. पिक्सेल काढणाऱ्यांची नावं पुसली जायची ही काही पहिली वेळ नाही. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांत क्रेडिटमध्ये खरी नावं द्यायची नाहीत, टोपणनावं द्यायची, का, तर दुसरी कंपनी माणूस पळवेल. मग आमच्या कॅसेटवाल्यांनी टायटल स्क्रीनवरची कंपनीची नावंही खोडली. आणि आता मॉडेलमध्ये सगळ्यांची चित्रं विरघळून एक "सोळा-बिट स्टाइल" शिल्लक राहिली, जिला आईबाप नाहीत. पण कॅसेटवाल्याने नाव खोडलं तरी काम होतं तसंच ठेवलं होतं, म्हणून वीस वर्षांनी इंटरनेट आल्यावर मला शोधता आलं की ते कुणी केलं होतं. विरघळलेल्यातून कुणाला शोधणार?

जॅमचं काय झालं विचाराल तर आम्ही त्या टीमला बाद केलं नाही. चित्रांचे गुण दिले नाहीत, बाकीचे दिले. माझ्या मते साधा नियम एवढाच पुरे. वातावरण ठरवायला, "मला साधारण असा पाऊस हवाय" हे मित्राला दाखवायला, चित्रकार मिळेपर्यंत जागा अडवून ठेवायला एआय वापरा, आणि वापरलं असेल तर सांगा, गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने २०२४ च्या जानेवारीपासून सांगणं भाग केलंय ते योग्यच आहे. विकायला ठेवायचं असेल तर मात्र कुणीही पडद्यावर कुठेही बोट ठेवून "हे इथे का?" विचारलं तर "इमेजमध्येच आलंय" हे उत्तर चालणार नाही.

त्या टीममध्ये एक मुलगी होती, बाकीचे बोलत होते तेव्हा ती गप्प होती. तिने एकच गोष्ट हाताने काढली होती, कंडक्टर, कारण टूलला तो सलग चार फ्रेम एकसारखा काढता येईना. मी विचारलं त्याची पिशवी एवढी तिरकी का? म्हणाली, "सरळ ठेवली तर चालताना हात पिशवीत मिसळतो सर, कळत नाही चालतोय की सरकतोय." मियामोतो आणि ओव्हरऑल वगैरे तिला काही माहीत नव्हतं, मी सांगितलं तर जरा लाजली. मग मी तिला वॉरन रॉबिनेटची गोष्ट सांगितली. १९८० च्या सुमाराला अटारी या कंपनीत गेम बनवणाऱ्यांचं नाव कुठेही छापत नसत. ॲडव्हेंचर नावाचा गेम त्याने एकट्याने केला, आणि आत एक गुप्त खोली ठेवली. तिथे जायला एक ठिपका उचलून न्यावा लागायचा, एका पिक्सेलचा, पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा, असा की दिसतच नाही. तो बरोबर जागी नेला की आत जाता यायचं आणि खोलीत त्याचं नाव झळकायचं. कंपनीला पत्ता नव्हता, तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने पत्र लिहून कळवलं तेव्हा त्यांना कळलं. तिने फोन काढून लगेच तो गेम शोधायला घेतला, आणि मी विचार करत बसलो की त्या करड्या ठिपक्यासकटचं चित्र आजच्या एखाद्या क्लीन-अपवाल्या टूलला दिलं असतं, तर डाग समजून पहिल्या फटक्यात त्याने तोच पुसला असता.